क्लाउडचा भार आणि मंदावलेला संगणक

यंत्र साफ बंद पडले तर माणूस कारागिराला बोलावतो आणि मोकळा होतो. पण ते चालू राहून रेंगाळू लागले, म्हणजे त्यासारखा दुसरा छळ नाही. कचेरीतील संगणकाच्या बाबतीत हा अनुभव आज पुष्कळांना येत असतो. सकाळी संगणक सुरू करावा, फाइल उघडण्यासाठी माउसची कळ दाबावी आणि पडद्यावर फिरणारे वर्तुळ पाहत बसावे; अक्षर आधी टंकावे आणि ते चार क्षणांनी उमटावे, असा प्रकार सुरू होतो. चौकशी करता अनेकदा असे आढळते की, पडद्याच्या कोपऱ्यात ढगाचे चिमुकले चित्र मिरवणारा एक प्रोग्राम मुकाट्याने राबत आहे आणि त्याच्या राबण्याचा भार इतर सर्व कामांवर पडत आहे. वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स ही या प्रोग्रामांची परिचित नावे होत. या दुखण्याचे निदान कसे करावे आणि त्यावरील उपचार कोणत्या क्रमाने करावेत, याचा विचार या खेपेच्या सदरात करावयाचा आहे. क्रमाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. कारण मूळ दुखण्यापेक्षा घाईने केलेला उपायच येथे अधिक नुकसान करतो.

सियालदहच्या फलाटांचा धडा

हे सदर कोलकात्यातील ज्या सियालदह भागातून लिहिले जात आहे, तो भाग या प्रश्नाकडे पाहण्यास मोठा सोयीचा आहे. रेल्वे स्थानकाच्या शेजारी बैठकखान्याचा बाजार असून तेथे कागदाचा व्यापार आणि पुस्तकबांधणी चालते. जवळच कोले मार्केट ही भाजीची घाऊक पेठ आहे, आणि थोडे पुढे गेले की कॉलेज स्ट्रीटची पुस्तकांची दुकाने लागतात. या साऱ्या पट्ट्यात अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठांची आखणी आणि भाषांतर करणारी माणसे लहान लहान खोल्यांतून कामे करतात. एकच मजकूर भाषांतरकाराकडून संपादकाकडे, तेथून जुळणी करणाराकडे आणि पुन्हा तपासणीसाठी मागे असा दिवसभर फिरत राहतो. क्लाउडमुळे ही ये-जा सुकर झाली, यात शंका नाही. परंतु ज्याला पानामागे मजुरी मिळते, त्याचा संगणक दिवसातून दोन तास रेंगाळला, तर ते दोन तास सरळ त्याच्या मिळकतीतून वजा होतात.

सियालदह स्थानकाला एकवीस फलाट आहेत. त्यांपैकी १ ते ५ क्रमांकाच्या फलाटांची लांबी बारा डब्यांच्या लोकलगाडीला पुरत नसे. तेथून नऊ डब्यांच्याच गाड्या सोडाव्या लागत. जून २०२४ मध्ये हे फलाट काही दिवस बंद ठेवून त्यांची लांबी वाढवण्यात आली. अधिक शक्तीची इंजिने आणली असती तरी ही अडचण दूर झाली नसती, कारण ती इंजिनात नव्हतीच. संगणकाचेही असेच आहे. अरुंद जागा कोणती हे न शोधता नवा संगणक घेणारा किंवा दिसेल ती फाइल पुसणारा मनुष्य आखूड फलाटावर नवे इंजिन आणून उभे करीत असतो.

ढगाआड काय आहे?

क्लाउड या शब्दाने मनात काहीतरी तरल, आभाळातले असे चित्र उभे राहते. प्रत्यक्षात तेथे विटा-सिमेंटच्या इमारतीत रांगेने मांडलेले संगणक असतात. मायक्रोसॉफ्टने आपल्या क्लाउडची भारतातील केंद्रे २०१५ मध्ये सुरू केली, ती पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे. आपल्या टेबलावरील एका फोल्डरची आणि असल्या केंद्रातील साठ्याची प्रत सदैव सारखी राखणे, यालाच सिंक असे म्हणतात; आणि हे काम करणारा प्रोग्राम आपल्याच संगणकावर, आपल्याच विजेवर आणि आपल्याच इंटरनेटवर चालत असतो. ही गोष्ट ध्यानात आली की अर्धे कोडे उलगडते.

या प्रोग्रामला चार कामे करावी लागतात. फोल्डरमध्ये काही बदलले काय, यावर तो पहारा ठेवतो. बदललेली फाइल वाचून तिचा ठसा काढतो. म्हणजे फाइलमधील मजकुरावरून गणिताने एक ठरावीक लांबीची संख्या तयार करतो. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी ही संख्या बदलते. मग हा ठसा तो दूरच्या प्रतीच्या ठशाशी ताडून पाहतो, आणि फरक असेल तर फाइल किंवा तिचा बदललेला भाग पाठवतो. ड्रॉपबॉक्स मोठ्या फाइलीचे चार-चार मेगाबाइटचे तुकडे पाडतो आणि बदललेले तुकडेच धाडतो, ते याच कारणाने. वाहतूक अशी वाचते. पण ठसा काढण्यासाठी फाइल वाचावी लागते, ते श्रम वाचत नाहीत.

कोले मार्केटमध्ये पहाटे माल उतरताना पाहिला तर हे अधिक स्पष्ट होईल. हमाल एक भले मोठे पोते एका खेपेत नेतो. तीच भाजी शंभर जुड्यांत बांधून प्रत्येक जुडी निराळी मोजा, निराळी लिहा आणि निराळी पोचवा असे सांगितले, तर वजन तेवढेच राहूनही दिवस सरेल. सिंक करणाऱ्या प्रोग्रामला फाइलींच्या आकाराइतकीच, किंबहुना काही वेळा त्याहून अधिक, त्यांच्या संख्येची धास्ती असते.

निदानाची पहिली पायरी

संशय आला की प्रथम सिंक थांबवून पाहावे. ढगाच्या चित्रावर कळ दाबली की ‘पॉज सिंकिंग’ हा पर्याय दिसतो. वनड्राइव्हमध्ये दोन, आठ किंवा चोवीस तासांचा अवकाश निवडता येतो. दहा मिनिटांत संगणक हलका वाटू लागला तर संशय खरा ठरला. फरक पडला नाही तर प्रोग्राम पूर्णपणे बंद करून पुन्हा पाहावे. तरीही संगणक जैसे थे राहिला, तर दोष अन्यत्र आहे असे समजून क्लाउडला निर्दोष सोडावे. मात्र ही तपासणी संपताच सिंक पूर्ववत सुरू करण्यास विसरू नये. आठवडाभर ते बंद राहिले आणि सहकारी जुन्याच प्रतीवर सुधारणा करीत बसला, तर मंद संगणकापेक्षा ते अधिक महागात पडते.

संशय खरा ठरल्यावर अरुंद जागा शोधावी. विंडोज संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क असे चार रकाने दिसतात. ज्या रकान्यातील आकडा शंभराजवळ जाऊन ठाण मांडून बसला असेल, तेथे अडचण आहे असे सामान्यतः समजावे. नेटवर्कच्या बाबतीत मात्र शंभराची वाट पाहू नये. क्लाउडच्या प्रोग्रामपुढे तो आकडा सतत हलत असणे आणि त्याच वेळी वेबपृष्ठे अडखळणे, एवढी खूण पुरेशी आहे.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. नव्या संगणकावर प्रोग्राम प्रथमच बसवला असेल किंवा एखादे मोठे फोल्डर नुकतेच त्यात टाकले असेल, तर पहिल्या दिवसाचा भार स्वाभाविक आहे. त्यावर उपाय शोधत बसण्यापेक्षा संगणक झोपी जाणार नाही अशी व्यवस्था करून तो रात्रभर चालू ठेवावा. सकाळी काम उरकलेले असेल, तर औषधाचे कारण नाही.

डिस्क अडली असेल तर

जुन्या संगणकांत फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. वाचणारा भाग योग्य जागी सरकण्याचा वेळ त्यात मिळवला, तर विखुरलेल्या जागांपैकी सेकंदाला शंभरएक जागाच तिला गाठता येतात. फोल्डरमध्ये एक लाख लहान फाइली असतील तर प्रत्येकीला एकदा स्पर्श करण्यासच हजार सेकंद, म्हणजे जवळजवळ सतरा मिनिटे लागणार. आणि एका स्पर्शात काम भागत नाही. तेवढ्यात आपण एखादे पत्र उघडू गेलो, तर त्या पत्रालाही याच रांगेत उभे राहावे लागते. तबकडीऐवजी एसएसडी बसवली की ही अडचण बहुतांशी सरते. चालू स्थितीतील जुन्या संगणकावर करण्याजोगा सर्वांत गुणकारी खर्च हाच आहे.

पण खर्चाआधी फाइलींची संख्या पाहावी. इतक्या फाइली माझ्याकडे कोठून येणार, असे आपणास वाटेल. वेबपृष्ठ जतन केले की त्याच्यासोबत चित्रांचे एक फोल्डर येते. जुन्या पुस्तकांच्या जुळणीत प्रत्येक आकृतीची वेगळी फाइल असते. फॉन्टचे संग्रह, छायाचित्रांच्या लघुप्रती हे सर्व नकळत साचत जाते. एकूण तीन लाखांहून अधिक फाइली सिंक करू नयेत, अशी शिफारस मायक्रोसॉफ्टनेच वनड्राइव्हच्या बाबतीत केली आहे. यावर उपाय सोपा आहे. पुरी झालेली कामे वर्षवार एकेका झिप फाइलीत बांधून ठेवावीत. झिप फाइल उघडून आतील मजकूर नीट वाचता येतो याची खात्री होईपर्यंत मात्र मूळ फोल्डरला हात लावू नये.

नेटवर्क अडले असेल तर

येथे त्रैराशिक मांडावे. इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फाइलीचा आकार मेगाबाइटमध्ये. आठ बिट मिळून एक बाइट होतो. वर पाठवण्याचा वेग सेकंदाला दहा मेगाबिट असेल, तर सेकंदाला सव्वा मेगाबाइट माल जातो. वीस गिगाबाइट छायाचित्रे पाठवण्यास त्या हिशेबाने साडेचार तासांच्या आसपास लागतील. वेग दोन मेगाबिट असेल तर बावीस तासांहून अधिक. जाहिरातीत जो मोठा आकडा असतो, तो पुष्कळदा खाली उतरवून घेण्याचा असतो, हेही विसरू नये.

पाठवण्याचा मार्ग तुडुंब भरला म्हणजे खाली येणारी पृष्ठेही का रेंगाळतात, असा प्रश्न येथे पडतो. याचे कारण असे की, मिळालेल्या प्रत्येक मालाची पोच उलट पाठवावी लागते, आणि ती पोच त्याच गर्दीत अडकते. यासाठी वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह आणि ड्रॉपबॉक्स या तिन्हींच्या सेटिंग्जमध्ये वेगावर मर्यादा घालण्याची सोय आहे. उपलब्ध वेगाच्या निम्म्यापर्यंत ही मर्यादा ठेवली, तर दिवसाचे काम बिनबोभाट चालते. रात्री ती काढून टाकावी.

जिवंत फाइली

काही फाइली लिहून संपत नाहीत; त्या दिवसभर श्वासोच्छ्वास करीत असतात. हिशेबाच्या प्रोग्रामची माहिती, आउटलुकची टपालपेटी आणि भाषांतरकारांची अनुवादस्मृती या अशा जातीच्या. अनुवादस्मृती म्हणजे पूर्वी भाषांतरित झालेली वाक्ये मुळासह जपून ठेवणारी फाइल. एखादे वाक्य पक्के केले की तीत भर पडते. तिचा आकार पाचशे मेगाबाइट आहे आणि दिवसात दोनशे वाक्ये पक्की झाली, असे समजा. प्रत्येक भरीनंतर सिंकचा प्रोग्राम ती फाइल पुन्हा वाचू लागला, तर दिवसाकाठी शंभर गिगाबाइट वाचन होईल. शिवाय लेखन अर्धवट असतानाच प्रत निघाली, तर ती प्रत कामाची राहीलच असे नाही. कधी दोन परस्परविरोधी प्रतीही तयार होतात आणि खरी कोणती याचा वाद सुरू होतो.

अशा फाइली सिंकच्या फोल्डरबाहेर ठेवाव्यात आणि सायंकाळी प्रोग्राम बंद केल्यावर त्यांची एक नक्कल आत टाकावी. आउटलुकची पीएसटी फाइल वनड्राइव्हमधून बाहेर काढावी, असा सल्ला मायक्रोसॉफ्टही देतो. ती तेथे गेली कशी, हे कोडे अनेकांना पडते. ही फाइल सहसा ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डरमध्ये असते, आणि वनड्राइव्हमध्ये फोल्डर बॅकअपची सोय चालू झाली की ‘डेस्कटॉप’ आणि ‘पिक्चर्स’ यांच्यासह ‘डॉक्युमेंट्स’ही क्लाउडच्या कक्षेत येते. म्हणून सेटिंग्जमध्ये जाऊन कोणती फोल्डरे आत आहेत, हे प्रत्येकाने एकदा स्वतः पाहावे.

याच ओघात आणखी एक गोष्ट. एकच फोल्डर दोन निरनिराळ्या क्लाउडच्या हवाली कधीही करू नये. एकाने केलेला बदल दुसऱ्याला नवा वाटतो, दुसऱ्याचा पहिल्याला. आणि दोन कारकुनांनी एकच टिपण परस्परांकडे धाडत राहावे, तसे हे काम संपतच नाही.

सर्वांत नाजूक पायरी

आता ज्यासाठी हा सारा प्रपंच केला, त्या मुद्द्याकडे येऊ. डिस्क भरली आहे, संगणक अडला आहे, काम आजच द्यावयाचे आहे. अशा वेळी मनुष्य क्लाउडच्या फोल्डरमधील जड फाइली पुसून टाकतो. त्याची समजूत अशी की, त्या वर ढगात सुरक्षित आहेत. ही समजूत घातक आहे. दोन्हीकडची प्रत सारखी राखणे हेच सिंकचे व्रत असल्यामुळे येथे पुसलेली फाइल तेथूनही पुसली जाते. आणि फोल्डर सामायिक असेल, तर सहकाऱ्यांच्या संगणकांवरूनही ती नाहीशी होऊ शकते. कोणाच्या चार महिन्यांच्या श्रमांचा अशा रीतीने एका क्षणात निकाल लागतो, आणि पुसणाराला त्याची वार्ताही नसते.

ही फाइल काही काळ टोपलीत पडून असते. गूगल ड्राइव्हमध्ये आणि वैयक्तिक वनड्राइव्हमध्ये तीस दिवस, कचेरीच्या किंवा शाळेच्या वनड्राइव्हमध्ये सामान्यतः त्र्याण्णव दिवस. पण पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघण्याची वेळ तीस दिवसांत येत नाही, ती दोन वर्षांनी येते. तेव्हा मूळ फाइलीचा शोध सुरू होतो आणि टोपली केव्हाच रिकामी झालेली असते.

जागा मोकळी करण्याचा योग्य मार्ग निराळा आहे. वनड्राइव्हमध्ये फाइलीवर उजवी कळ दाबली असता ‘फ्री अप स्पेस’ असा पर्याय मिळतो. त्यामुळे फाइलीचे नाव जागच्या जागी राहते आणि मजकूर केवळ क्लाउडमध्ये उरतो. नावापुढे पोकळ निळा ढग दिसू लागतो. गूगल ड्राइव्हमध्ये ‘मिरर’ऐवजी ‘स्ट्रीम’ निवडल्यास असाच लाभ होतो. ‘डिलीट’ हा शब्द त्याच यादीत असतो, म्हणून कळ दाबण्यापूर्वी क्षणभर थांबून वाचावे. निळ्या ढगाची फाइल इंटरनेटवाचून उघडत नाही, हेही ध्यानी असावे. प्रवासाला निघताना किंवा इंटरनेटचा भरवसा नसेल तेव्हा लागणाऱ्या फाइलींना ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ अशी खूण करून ठेवावी.

शेवटचा उपाय

एवढे करूनही गुंता न सुटल्यास प्रोग्राम अद्ययावत करावा, संगणक एकदा बंद करून सुरू करावा आणि त्यानंतरच प्रोग्राम रीसेट करण्याचा विचार करावा. वनड्राइव्ह रीसेट केल्याने फाइली जात नाहीत, परंतु सर्व फाइलींची ताडणी पहिल्यापासून होते. म्हणून हे काम शनिवारच्या संध्याकाळी करावे, सोमवारच्या सकाळी नव्हे. त्याआधी वर न पोचलेल्या फाइलींच्या नकला दुसरीकडे काढून ठेवाव्यात. मेमरीचा रकानाच भरलेला असेल आणि संगणकात चारच गिगाबाइट रॅम असेल, तर दोष सिंकला देऊ नये. ती आठ करून घ्यावी. आणि कचेरीचा संगणक असेल तर यांतील कोणताही बदल व्यवस्था पाहणाऱ्याला विचारून करावा, कारण तेथील नियम एकट्या आपल्यासाठी केलेले नसतात.

वाचकहो, एका वेळी एकच बदल करावा आणि तो तारखेसह वहीत टिपून ठेवावा. उपाय लागू पडला तर कोणता, हे त्यावरून कळते. न पडला तर मागे येता येते. आणि सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे घरातील सर्वांना समजावून सांगावे. आठवड्यातून एकदा महत्त्वाच्या फाइलींची नक्कल बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी, आणि नक्कल होताच ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी. मुलांची छायाचित्रे, घराची कागदपत्रे, पूर्ण झालेले आणि अर्धे राहिलेले लेखन यांपैकी जे पुन्हा निर्माण करता येणार नाही, ते त्या डिस्कवर प्रथम जावे. या रविवारी एवढे एक काम उरकले, तर पुढल्या आठवड्यात संगणक कितीही रेंगाळला तरी आपले मन स्वस्थ राहील आणि घाईने काही पुसण्याचा मोह होणार नाही.